घरकुल : त्यांचे आणि आपले

सोसायटीचा २५ वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी आपल्या कुंपणाबाहेरच्या घरांचा थोडा इतिहास सांगतो.

कळंबच्या आसपास ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. बरीच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. शहरातल्या घरांच्या विटा त्यांनी पाडल्या. स्वतःच्या घराला मात्र कूडच राहिला.

सरकारने १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू केली. आधी ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांपुरती होती. १९९३-९४ पासून इतर गरिबांनाही खुली झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र योजना म्हणून चालू लागली. तिचे दोन नियम मला फार आवडतात. घर बाईच्या किंवा नवराबायको दोघांच्या नावावर, आणि मधे कंत्राटदार नको. सपाट भागासाठी २०१० मध्ये ४५,००० रुपये मिळत, २०१३ पासून ७०,००० झाले. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. रक्कम १,२०,००० आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. पैसे बांधकाम जसजसे वर चढेल तसे हप्त्याने थेट खात्यात. राज्याने आदिवासींसाठी शबरी आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई योजना आणली. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी २ लाख ठरले.

पण पैसा मंजूर झाला तरी घर बांधायचे कशावर? वाडी पिढ्यानपिढ्या तिथेच, सातबारा मात्र दुसऱ्याचा, असे अनेक ठिकाणी आहे. राज्याने २०१५ मध्ये जागा घ्यायला ५०,००० पर्यंत मदत देणारी दीनदयाळ उपाध्याय योजना काढली. तेवढ्यात आपल्या भागात किती जागा येते, ते हल्ली प्लॉट घेतलेल्यांना विचारा!

'त्यांना सगळं फुकट मिळतं' असे आपल्या गप्पांत कधीकधी ऐकू येते. मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेबच मांडतो. गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ३० टक्के कर भरणाऱ्याचे त्यात वर्षाला ६०,००० वाचतात. दोन वर्षांत झाले १,२०,०००, म्हणजे एक अख्खे घरकुल! आणि आपली सवलत तर कर्ज फिटेपर्यंत चालते. तिला कोणी अनुदान म्हणत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे धुण्याभांड्याला, बागकामाला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण या वाड्यांतले आहेत. त्यांचे नाव यादीत आहे का, आधार खात्याला जोडले आहे का, जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे, एवढे तरी त्यांना विचारू या. अर्ज भरायला तासभर लागतो, आणि आपल्यातल्या निवृत्तांकडे तासांना तोटा नाही. रौप्यमहोत्सवी वर्षात एवढे जमले तरी पुष्कळ झाले.