कळणे आणि वळणे

कळते पण वळत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत ही गोष्ट कॅनडातल्या डॉक्टरांनी पन्नास वर्षांपूर्वी चक्क मोजून दाखवली. जन्मभर शिकवण्याचेच काम केल्यामुळे मला हा इतिहास फार जवळचा वाटतो.

औषधे तोवर आली होती. सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे तिकडे लक्ष गेले. पुढे आणखी औषधे निघाली. प्रश्न उरला तो रोग्याने गोळी रोज घेण्याचा. दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. मग गोळी कशाला, असे माणसाला वाटते.

मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड सॅकेट, डॉ. ब्रायन हेन्स आणि सहकाऱ्यांनी पोलाद कारखान्यातले २३० कामगार घेतले. काहींना आजाराची माहिती पद्धतशीर शिकवली, काहींना डॉक्टर कारखान्यातच भेटतील अशी सोय केली. १९७५ साली निष्कर्ष छापून आला: कामगार धडा उत्तम शिकले, पण गोळ्या घेण्यात इतरांच्या पुढे गेले नाहीत. सोयीचाही उपयोग झाला नाही.

१९७६ सालचा प्रयोग वेगळा होता. गोळ्या चुकवणाऱ्या ३८ जणांपैकी २० जणांना स्वतःचा दाब मोजायला आणि त्याची व गोळीची नोंद ठेवायला शिकवले. गोळीची वेळ रोजच्या एखाद्या सवयीला जोडून दिली. दर पंधरा दिवसांनी एक व्यक्ती येऊन तक्ता पाही, प्रगती असली की शाबासकी देई. तिचे शिक्षण शाळेपुरतेच, वैद्यकीय काहीही नाही. सहा महिन्यांत या गटाचे गोळ्या घेण्याचे प्रमाण सरासरी २१.३ टक्क्यांनी वाढले. उरलेल्या १८ जणांचे १.५ टक्क्यांनी घटले. वीसपैकी १७ जणांचा दाब उतरला, पण हव्या त्या पातळीपर्यंत सहाच जणांचा. म्हणजे ही काही जादू नव्हे.

मला यात गृहपाठाची वही दिसते. धडा कितीही रंगला तरी वही कोणी तपासणार असेल तरच मुले लिहितात.

तेव्हा परगावी, परदेशी असलेल्या मुलांनो, फोनवर आईवडिलांना रक्तदाबावर व्याख्यान देऊ नका. गोळ्यांची डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवायला सांगा, कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगा, आणि रविवारी त्या खुणा वाचून घ्या. शाबासकी विसरू नका. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.