युद्धोत्तर पोलिश गद्यातील वेदनेचे रूप

१७९५च्या तिसऱ्या फाळणीनंतर पोलंडचे राज्य रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटले गेले आणि १९१८पर्यंतच्या पारतंत्र्यात राष्ट्रभावना जागती ठेवण्याचे काम बव्हंशी साहित्याकडे आले. हेन्रिक शेंक्येविच यांनी १८८४ ते १८८८ या काळात सतराव्या शतकातील लढायांवर तीन कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या, त्या खचलेल्या समाजाला धीर देण्यासाठीच. त्यांतला संहार भीषण असला, तरी मरण वाया जात नाही.

१९३९ ते १९४५ या काळात पोलंडचे पन्नास लाखांहून अधिक नागरिक, त्यांत सुमारे तीस लाख ज्यू, मृत्युमुखी पडल्यावर ही धीर देणारी परंपरा अपुरी ठरली. नाझी गुन्ह्यांच्या चौकशी आयोगावर काम केलेल्या जोफिया नाउकोव्स्का यांनी ‘मेदालिओनी’ (१९४६) या छोट्या पुस्तकात साक्षीदारांचे बोलणे जवळजवळ जसेच्या तसे ठेवले आणि स्वतःचा विलाप कटाक्षाने टाळला.

याहून कठोर वाट तादेउश बोरोव्स्की यांची होती. १९४३मध्ये अटक होऊन आउश्वित्झच्या छळछावणीत गेलेल्या बोरोव्स्कींनी आपल्या कथांतील निवेदकाला ‘तादेक’ हे स्वतःच्याच नावाचे लघुरूप दिले. हा तादेक निष्पाप बळी नाही. गाड्यांतून आणलेल्या ज्यूंना उतरवून घेणाऱ्या आणि त्यांचे सामान गोळा करणाऱ्या कैद्यांच्या टोळीत तो राबतो, त्या सामानातल्या खाण्यावर जगतो आणि गाड्या थांबल्या तर उपासमार होईल हेही जाणतो. छावणीची व्यवस्था माणसाला मारण्याआधी त्याला दुसऱ्याच्या मरणाचा वाटेकरी करते, हे येथे ज्या निर्दयपणे उघडे पडते, तसे युरोपीय साहित्यात क्वचितच आढळते. कॅथलिक समीक्षकांनी या कथांवर मूल्यहीनतेचा, म्हणजे कोणतेच नैतिक मूल्य न मानण्याचा, आरोप केला. परंतु दोष आपल्याच नावावर घेणाऱ्या लेखकाला मूल्यहीन म्हणणे अन्यायाचे आहे. पुढे राजकीय प्रचारलेखनाकडे वळलेल्या बोरोव्स्कींनी १९५१मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आत्महत्या केली.

१९४४चा वॉर्सा उठाव, म्हणजे जर्मन सैन्याविरुद्ध ६३ दिवस चाललेली शहराची लढाई, हा मात्र दीर्घकाळ वीरगाथेचाच विषय राहिला. मिरोन ब्यावोशेव्स्की यांनी १९७०मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांत शस्त्र न धरलेल्या नागरिकांची तळघरे, पाण्याची शोधाशोध आणि अडखळती बोलभाषा आली, आणि हे लेखन शौर्याला कमीपणा आणणारे आहे असे अनेकांना वाटले. वस्तुतः वीरगाथेत जागा न मिळालेल्या बहुसंख्यांचे युद्ध तेथेच प्रथम पूर्णपणे लिहिले गेले.