गावाला कळवायचे कोणी?

भुसावळात राहणाऱ्या माणसाच्या कानांवर दोन तऱ्हेच्या सूचना पडत असतात. एक रेल्वेची आणि दुसरी गावाची. रुळांच्या एका अंगाला रेल्वेची वसाहत, तिचे बंगले, तिचे दवाखाने. दुसऱ्या अंगाला बाजार, गल्ल्या आणि नगरपालिकेचे गाव. एकाच माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही राज्ये नांदतात, पण त्यांच्या बोलण्याच्या रीती मात्र अगदी भिन्न आहेत.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. रेल्वेची रीत मला त्यांनी समजावून दिली. गाडी पुढे सोडण्यासाठी एका स्टेशनाने दुसऱ्याकडे ‘लाइन क्लिअर’ मागितली, किंवा फाटकावरील माणसाला फाटक बंद करण्यास सांगितले, म्हणजे पलीकडचा माणूस नुसते ‘हो’ म्हणून मोकळा होत नाही. आपल्याजवळील छापील तक्त्यातील एक प्रायव्हेट नंबर तो सांगतो. तो आकडा वेळेसह रजिस्टरात लिहिला जातो आणि तक्त्यातून खोडला जातो. तो पुन्हा वापरायचा नाही. आता यंत्रे आली, तरी बऱ्याच प्रसंगी ही पद्धत टिकून आहे. उद्या काही विपरीत घडले तर कोणी, कोणाला, किती वाजता, काय सांगितले हे त्या वहीतून निघते. निरोप देणारा माणूस निरोपाशी बांधलेला असतो.

आता गावची सूचना पाहा. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...’ या शब्दांनी सुरू होणारी सूचना आपण सर्वांनी वाचली आहे. वैयाकरणाच्या दृष्टीने हे वाक्य मोठे विलक्षण आहे. त्यात कर्म आहे, क्रिया आहे, पण कर्ता नाही. कळवतो कोण? खाली एक सही असते, बहुधा न वाचता येणारी. ज्या भुसावळात लेवा बोली, अहिराणी, हिंदी, उर्दू, तेलुगू आणि जुन्या रेल्वे कुटुंबांची इंग्रजी कानांवर पडते, तेथे ही संस्कृतप्रचुर, कर्ताहीन मराठी किती जणांच्या मनापर्यंत पोहोचते हा प्रश्न तर निराळाच. प्रस्तुत लेखाचा विषय तो कर्ता आहे. नगराच्या कारभारात हुकूम कोणी द्यायचा, पैसा कोणी खर्चायचा यावर दीडशे वर्षे वाद झाले आणि कायदे झाले. पण गावाला सांगायचे कोणी, आणि त्या सांगण्याला जबाबदार कोण, हे क्वचितच कोणी विचारले.

नगरपालिका येण्यापूर्वी दवंडी होती. पाटलाचा वा मामलेदाराचा हुकूम घेऊन गावचा महार हलगी वाजवीत वेशीपासून वेशीपर्यंत फिरे. सांगणाऱ्याचा आवाज साऱ्या गावाने ऐकावा, पण त्याचे स्वतःचे म्हणणे कोणीच ऐकू नये, अशी ती व्यवस्था. हुकूम ज्याचा त्याचे तोंड दिसत नसे आणि तोंड ज्याचे त्याला अधिकार नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः वेठीवर आणि तुटपुंज्या मोबदल्यावर होता. परंतु उधार आवाजाच्या या चाकरीचाही त्या वेठीत समावेश होता, हे विसरता येत नाही. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. दवंडीची मनोवृत्ती मात्र कचेऱ्यांत राहून गेली.

भुसावळ हे रेल्वेने वाढवलेले गाव. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग येथे आला, नागपूरचा आणि जबलपूरचा असे दोन फाटे येथून निघाले, आणि एका लहान खेड्याचे जंक्शन झाले. नगरपालिका स्थापन झाली १८८२ साली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव त्याच वर्षीच्या १८ मेचा. हा योगायोग सुखद आहे, पण त्यावरून फसू नये. त्या काळी जिल्ह्यातील नगरपालिकांच्या अध्यक्षपदी कलेक्टर वा त्याचा कनिष्ठ अधिकारी असणे ही सामान्य गोष्ट होती. लोकनियुक्त अध्यक्ष हळूहळू, पुढील अनेक वर्षांत आले. तोवर नगराचा आवाज म्हणजे सरकारचाच आवाज होता.

त्या आवाजात आपला सूर मिसळणारे फार थोडे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने पैसा खर्चावा असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे सांगितले. मानपत्र हीदेखील नगराची एक भाषाच आहे. वर पाहून बोलताना नगराला शब्द सापडतात आणि खाली पाहून बोलताना ते दवंडीवर भागवते, ही विसंगती जोतीरावांच्या डोळ्यांना बरोबर दिसली होती.

मुंबईत हा वाद अधिक उघडपणे झाला. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी कामे पुष्कळ केली, खर्चही बेसुमार केला, आणि करदाते खवळले. कारभार लोकांच्या समितीकडे द्यावा अशी मागणी निघाली. १८७१ साली तरुण फिरोजशहा मेहता यांनी लोकमताच्या विरुद्ध जाऊन मांडले, की कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असू द्या, मात्र त्याच्यावर नजर ठेवणारे सभागृह लोकांनी निवडलेले असू द्या. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन आले, त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्याने कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर ही त्रयी पक्की झाली. अंमलबजावणीचा सारा अधिकार कमिशनरकडे. आज महाराष्ट्रातील महापालिका याच साच्यावर चालतात. साचा उत्तम आहे. पण त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि आठच वर्षांत त्याची किंमत मोजावी लागली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात माणसे विचित्र तापाने मरू लागली. गोव्यातून आलेले डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस त्या भागात वैद्यकी करीत होते आणि स्थायी समितीचे सभासदही होते. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी समितीपुढे उभे राहून सांगितले, की हा गाठीचा प्लेग आहे. नगराच्या आरोग्याची जबाबदारी पगारी खात्याकडे होती. रोगाचे नाव मात्र प्रथम उच्चारले एका लोकनियुक्त सभासदाने. व्यापार बसेल, बंदरावर निर्बंध येतील, अशा कारणांनी हे नाव अनेकांना नको होते. व्हिएगस यांनी ते घेतले. पुढे १९०६ साली ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी किती जण त्याखालून पुतळा न पाहताच जातात!

यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. ६ ऑक्टोबर रोजी कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला. रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा, इस्पितळात नेण्याचा, घरांत शिरण्याचा अधिकार त्यात घोषित केला होता. कायद्याने तो अधिकार त्यांचाच होता. पण लोकांना तो हुकूम म्हणून मिळाला, माहिती म्हणून नव्हे. इस्पितळात नेल्यावर काय होते, आप्तांना भेटता येते की नाही, प्रेताचे काय करतात, यांविषयी विश्वासाने सांगणारे कोणी नव्हते. ती पोकळी अफवांनी भरून काढली. इस्पितळात माणसे मारतात असे गिरणगावात बोलले जाऊ लागले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लगेच कमिशनरला आपला जाहीरनामा सौम्य करावा लागला. त्याला सर्वांत मोठी धास्ती होती ती झाडूवाले आणि भंगी कामगार शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर मुंबई राहण्याजोगीच उरली नसती. ज्यांना कोणी कधी काही समजावून सांगितले नव्हते, त्यांच्याच जाण्याने नगर बंद पडणार होते.

तरी लोक गेलेच. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची सुमारे निम्मी वस्ती बाहेर पडली होती. त्यांतील जे जी. आय. पी. च्या गाड्यांनी नागपूर वा जबलपूरच्या दिशेने निघाले, त्यांना भुसावळावरूनच जावे लागले. आमच्या फलाटांनी तो लोंढा पाहिला आहे. आणि लोकांबरोबर त्यांच्या जिभेवरच्या कहाण्याही या मार्गाने गेल्या असणार, हे सांगायला इतिहासकार नको.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमून कॉर्पोरेशनला बाजूला सारण्यात आले. पुण्यात रँड यांची समिती आली. तेथील छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहिले; गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप खोडून काढले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी पुण्याच्या स्नेह्यांच्या पत्रांवर विसंबून ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये सैनिकांच्या अत्याचारांविषयी सांगितले. पण परत आल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येईना, आणि त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. दरम्यान २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. अत्याचार झाले की नाहीत, किती झाले, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मला दिसते ते एवढेच, की ज्या नगरात लोकांनी मानलेला, नाव सांगून बोलणारा असा कोणी नव्हता, तेथे सत्य सांगणाऱ्यालाही पुरावा देता आला नाही आणि असत्य सांगणाऱ्याला तो द्यावा लागला नाही.

सेमिनरीत असताना यहेज्केलच्या ग्रंथातील पहारेकऱ्याचा उतारा आम्ही केवळ धर्मगुरूच्या कर्तव्याच्या अंगाने वाचत असू. तो पहारेकरी देशातील लोकांनीच आपल्यामधून निवडलेला असतो, आणि तलवार येताना पाहूनही त्याने शिंग फुंकले नाही तर मेलेल्यांचा जाब त्याला द्यावा लागतो, याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आला. त्यात अध्यक्ष सभा चालवतो आणि कारभारावर देखरेख करतो; मुख्याधिकारी शासनाचा, अंमलबजावणी त्याच्या हाती. सभा जनतेस खुली. अध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की सभासदांनी, यावर मात्र शासनाचे मत पुनःपुन्हा बदलले: २००१ साली थेट निवड, पुढे ती रद्द, २०१६ साली पुन्हा थेट, मग पुन्हा माघार, पुन्हा थेट. मधल्या काळात, २०२१-२२ पासून २०२५ च्या डिसेंबरातील निवडणुकांपर्यंत, बहुतेक नगरपरिषदांत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासक होते. या साऱ्या उलटसुलटीत, पाण्याची वा साथीची बातमी गावाला अध्यक्षाने सांगायची की मुख्याधिकाऱ्याने, याचा विचार कोठेच आढळत नाही. परिणामी गोड बातमी दोघेही सांगतात. कडू बातमी ‘कळविण्यात येते’.

२०२० च्या मार्चमध्ये करोनासाठी राज्याने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. त्याखालच्या नियमांत, रोगाविषयी काही प्रसिद्ध करण्यापूर्वी खातरजमा आणि परवानगी कोणाची घ्यायची हे लिहिले होते: आरोग्य खात्याच्या वरिष्ठांची, जिल्हाधिकाऱ्याची वा महापालिका आयुक्ताची. अफवा रोखण्याचा हेतू योग्यच. पण त्या यादीत एकही लोकनियुक्त माणूस नव्हता. डॉ. व्हिएगस असते तर त्यांनाही आधी परवानगी मागावी लागली असती.

एका कायद्याने मात्र कर्ता वाक्यात आणला. महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली केलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रत्येक कचेरीत जन माहिती अधिकारी नेमला, त्याचे नाव फलकावर लावले, आणि विनाकारण माहिती न दिल्यास केंद्रीय कायद्यानुसार दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड त्याच्या स्वतःच्या खिशातून ठेवला. हा जवळजवळ रेल्वेचा प्रायव्हेट नंबरच. उणीव एवढीच, की हा अधिकारी विचारल्यावर बोलतो. आपण होऊन माहिती प्रसिद्ध करण्याचे कलमही त्या कायद्यात आहे. पण दंडाची तरतूद विचारलेल्या प्रश्नापुरती. ज्याला प्रश्न कसा विचारावा हेच ठाऊक नाही, त्या झोपडीतल्या बाईपाशी हा कायदा जाऊन पोहोचत नाही.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी होतो. त्याचे नाव घेत नाही. उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी आले. एका गृहस्थाने मिस्सापूर्वी येऊन सांगितले, की पाणी तपासले आहे, पिण्यास हरकत नाही, तेवढे चर्चमध्ये जाहीर करा. मी केले. माझ्या तोंडून आले म्हणून लोकांनी ते मानले. आठवड्याभरात आमच्या वस्तीतील सहा मुले जुलाबाने आजारी पडली. सुदैवाने सर्व बरी झाली. पाणी कोणी तपासले, केव्हा तपासले, याचा शोध घ्यायला मी हिंडलो, तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. त्या गृहस्थालाही कोणीतरी सांगितले होते. मी विचारलेच नव्हते. दवंडी पिटणारा मी झालो होतो.

भुसावळला आल्यावर ही हकीकत मी आमच्या स्टेशनमास्तरांना सांगितली. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक जाड रजिस्टर घेऊन आले आणि त्यात पट्टीने रकाने आखून दिले. रविवारच्या घोषणांची ती वही आता साक्रिस्तीत असते. पहिल्या रकान्यात सूचना, दुसऱ्यात सांगणाऱ्याचे पूर्ण नाव आणि हुद्दा, तिसऱ्यात तारीख व वेळ, चौथ्यात सही. परवा एक तरुण वीज बंद राहण्याची सूचना घेऊन आला होता. सहीचा रकाना पाहून तो थबकला, म्हणाला, ‘फादर, साहेबांना विचारून येतो.’ अर्ध्या तासाने तो साहेबांचे नाव घेऊन परत आला, आणि सूचनेतील वेळही बदललेली होती.