गुलबर्गा : एका रेघेची कुळकथा

आळंद-भालकीकडची मराठी माणसं अजून ‘गुलबर्ग्याला जाऊन येतो’ असंच म्हणतात. सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव कलबुरगी. शेजारच्या बिदरच्या नावाचे दावेदार दोनच : कन्नडातला बिदिरु म्हणजे बांबू, नाहीतर महाभारतातला विदुर. खरी गंमत गुलबर्ग्याच्या फोडीत आहे.

एक पक्ष म्हणतो, फारसीत गुल म्हणजे फूल आणि बर्ग म्हणजे पान. दुसरा म्हणतो, कन्नडात कल्लु म्हणजे दगड, म्हणून ही खडकाळ जमीन. ‘बुरगी’वर मात्र एकमत नाही, कुणी काटे म्हणतं, कुणी माळ.

मला धागा सापडला फारसी लिपीत. तिथे काफ आणि गाफ यांत फरक एका जादा रेघेचा, आणि जुन्या हस्तलिखितांत ती रेघ सर्रास गाळलेली. ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नाहीत. त्यामुळे कल की गुल, बुर की बर, हे सगळं वाचणाऱ्याच्या मर्जीवर. त्यातून ‘गुलबर्ग’ हा फारसीतला तयार समास. द्वंद्व नव्हे, तत्पुरुष : फुलाचं पान, म्हणजे पाकळी. कारकुनाला ओळखीचा शब्द दिसला, त्यानं तोच वाचला.

सुलतानांनीच हे नाव ठेवलं, असं कुणी म्हणेल. पण १३४७ साली बहमनी राज्य उभं करणाऱ्या अलाउद्दीन हसननं राजधानी गुलबर्ग्याला नाव दिलं ते अहसनाबाद. मुद्दाम ठेवलेल्या नावाला बहुधा ‘आबाद’ जोडलेलं असे. मोगलांनी नाशिकचंही गुलशनाबाद केलं होतं. गुलबर्गा हे ठेवलेलं नाव नव्हे, वाचलेलं नाव.

गावाचं नाव कानांनी शिकतात, कागदावरून नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. पण नुसत्या उच्चाराच्या ओघात ‘कल’चा ‘गुल’ होणं अवघड. इंग्रजीत ‘ब्लॅकबर्ड’ एका दमात, जोर पहिल्या भागावर टाकून म्हटलं तर तो ठरावीक पक्षी. दोन शब्द सुटे म्हटले तर कुठलाही काळा पक्षी. तिथे अर्थ जोरावर फिरतो, इथे रेघेवर फिरला. क-ल-बु-र-गि या पाच मोकळ्या अक्षरांची गुल-बर्-गा अशी तीन झाली. ‘ल’नंतरचा सांधा मात्र तसूभर हलला नाही. म्हणूनच दोन्ही पक्षांना आपापली फोड बिनचूक वाटते.

माझा निकाल असा : नाव मूळचं कन्नड, पाकळी लेखणीची. २०१४ साली सरकारनं बदललं ते एक जुनं वाचन.