एक विषय, अनेक कॅमेरे : अमेरिकेतील ग्रामीण छायाचित्रसंग्रहाची घडण (१९३५–१९४४)

इतिहासाच्या साधनांत छायाचित्राची गणना होऊ लागून बराच काळ लोटला आहे. तथापि बखर किंवा सनद हाती आली म्हणजे ती कोणी लिहिली, कोणाच्या आज्ञेने लिहिली आणि तीत काय गाळले, हे प्रश्न अभ्यासक ज्या सहजतेने विचारतो, त्या सहजतेने ते छायाचित्राविषयी विचारले जात नाहीत. समोर जे होते ते भिंगाने टिपले, एवढ्यावर समाधान मानले जाते. अनेक छायाचित्रकारांनी एका ठरीव विषयास अनुसरून काढलेल्या संग्रहाच्या बाबतीत तर हे समाधान विशेष फसवे ठरते. कारण तेथे भिंगाच्याही आधी विषय असतो, आणि विषयाच्या मागे तो ठरविणारा असतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९३५ ते १९४४ या काळात निर्माण केलेला ग्रामीण जीवनाचा छायाचित्रसंग्रह हे याचे उत्तम उदाहरण होय.

या उपक्रमाचा उगम आर्थिक अरिष्टात आहे. १९२९ नंतरची मंदी, शेतमालाचे कोसळलेले भाव आणि पाठोपाठ आलेली अवर्षणे व धुळीची वादळे यांनी अमेरिकन शेतकरी देशोधडीस लागला. त्याच्या पुनर्वसनासाठी १९३५ च्या वसंतात ‘रीसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हे खाते स्थापन झाले. त्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल हे मूळचे कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी आपले पूर्वीचे विद्यार्थी व सहकारी रॉय स्ट्रायकर यांना त्याच वर्षी वॉशिंग्टनला बोलावून घेतले आणि खात्याच्या ऐतिहासिक विभागाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. १९३७ साली हे खाते ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या नावाने नव्याने संघटित झाले. संग्रह आज मुख्यतः त्याच नावाने ओळखला जातो. स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हते. टगवेल व मन्रो यांच्यासह सिद्ध केलेल्या १९२५ च्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथासाठी त्यांनी चित्रे जमविली होती. चित्रातून आर्थिक वस्तुस्थिती शिकविता येते, ही त्यांची धारणा त्या कामातून पक्की झालेली होती.

त्यांनी जमविलेली मंडळी मात्र एका साच्याची नव्हती. आर्थर रॉथस्टीन, वॉकर एव्हान्स, डोरोथिया लँग, बेन शान व कार्ल मायडन्स हे आरंभीचे. रसेल ली १९३६ साली आले. मॅरियन पोस्ट वोल्कॉट, जॅक डेलानो, जॉन कॉलियर व गॉर्डन पार्क्स हे नंतरचे. जॉन व्हेशॉन तर कचेरीतील हरकाम्या म्हणून आले आणि पुढे छायाचित्रकार झाले. प्रत्येकाचा कॅमेराही निराळा होता आणि या निराळेपणाचा ठसा चित्रांवर उमटलेला आहे. एव्हान्स हे तिवईवरचा आठ बाय दहा इंचांचा अवजड कॅमेरा वापरीत. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील घरे, दुकाने व पाट्या स्थिर, समोरासमोर आणि बारीकसारीक तपशिलासह दिसतात. लँग ग्राफ्लेक्स बाळगीत. शान यांच्याजवळ ३५ मिलिमीटर फिल्मचा लायका होता व त्यास काटकोनात पाहणारा दर्शक जोडलेला होता. आपण एकीकडे पाहत आहोत असे भासवून ते दुसरीकडचे चित्र घेत. ली यांनी झोपड्यांच्या अंधाऱ्या अंतर्भागात फ्लॅशचा मुक्तहस्ते उपयोग केला. भिंतीवर चिकटविलेले वर्तमानपत्राचे कागद आणि फळीवरील डबे त्या झगझगीत उजेडात स्पष्ट उमटले.

एवढी भिन्न दृष्टी आणि भिन्न साधने असता संग्रहास एकसूत्रता आली ती विषयांच्या टिपणांमुळे. या टिपणांस कचेरीत ‘शूटिंग स्क्रिप्ट’ असे म्हणत. कोठे जावे एवढेच त्यांत नसे; काय पाहावे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावे, हेही असे. १९३६ साली ‘मिडलटाऊन’ या समाजशास्त्रीय ग्रंथाचे एक कर्ते रॉबर्ट लिंड यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर स्ट्रायकरनी काढलेले टिपण यादृष्टीने वाचनीय आहे. निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे संध्याकाळ कशी घालवितात, घरातील भिंती कशाने सजवितात, गावात माणसे एकत्र जमतात ती कोठे, असे त्याचे स्वरूप होते. कापसाच्या मुलखात निघालेल्या मायडन्सना कापसाची फारशी माहिती नाही असे आढळताच स्ट्रायकरनी त्यांचा प्रवास लांबणीवर टाकविला आणि रात्र होईपर्यंत त्यांस कापसाचे अर्थशास्त्र, इतिहास व समाजजीवन समजावून सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. विषय समजल्यावाचून चित्र घेता येत नाही, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होते.

भाषेच्या अभ्यासकास येथे एका परिचित पद्धतीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीत ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने मिळविण्यासाठी उधळ्या पुत्राची एकच कथा सर्वत्र पाठविली गेली. तिच्या जोडीला लोकांच्या तोंडचा एखादा स्वतंत्र उतारा आणि शब्द व वाक्ये यांची ठरीव यादी मागविण्यात आली. १९०५ साली निघालेला मराठीचा सातवा खंडही याच रीतीने सिद्ध झाला. कथा एकच असल्यामुळे बोलीबोलींतील भेद नेमका कोठे आहे ते मोजता आले. परंतु त्याच कारणाने त्या कथेत ज्याला जागाच नव्हती असे पुष्कळसे नमुन्यांत आले नाही. स्वतंत्र उताऱ्याची तरतूद ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी होती. समान विषय ही तुलनेची पूर्वअट होय. आणि तोच तुलनेची मर्यादाही होय. स्ट्रायकर यांच्या टिपणांचे मूल्यमापन याच दुहेरी कसोटीवर झाले पाहिजे.

विषय आणि वस्तुस्थिती यांतील ताण किती लवकर उघड होतो, हे १९३६ च्या एका प्रकरणावरून दिसून आले. मे महिन्यात रॉथस्टीन यांनी दक्षिण डाकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेल्या बैलाच्या कवटीची चित्रे घेतली. प्रकाश आणि पार्श्वभूमी यांचा मेळ साधावा म्हणून त्यांनी ती कवटी काही फूट हलविली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट अवर्षणग्रस्त प्रदेशाच्या दौऱ्यावर असताना विरोधी वृत्तपत्रांनी ही गोष्ट उकरून काढली आणि सरकारने अवर्षणाचा देखावा रचला असा आरोप केला. अवर्षण खरे होते; कवटीही खरी होती; हललेली होती ती केवळ तिची जागा. तथापि ‘अवर्षण’ हा विषय आधी ठरला आणि कवटी त्याचे चिन्ह म्हणून नंतर निवडली गेली, हा क्रम त्या आरोपामुळे उघडकीस आला. संग्रहातील इतर चित्रांविषयीही हा क्रम विसरून चालणार नाही.

निवडीची दुसरी आणि अधिक कठोर पायरी वॉशिंग्टनमध्ये होती. मुलखात काढलेल्या फिल्म सामान्यतः तेथे पाठविल्या जात, तेथेच त्या धुतल्या जात आणि मग प्रती टिपा लिहिण्यासाठी छायाचित्रकाराकडे परत जात. आपण काय टिपले ते त्यास पुष्कळदा बऱ्याच दिवसांनी कळे. जी निगेटिव्ह विषयास उपयोगी नाही असे कचेरीस वाटे, तिच्यात आरंभीच्या वर्षांत चक्क भोक पाडण्यात येई. ३५ मिलिमीटरच्या पट्ट्यांवर या खुणा विशेष दिसतात. छायाचित्रकारांनी याविरुद्ध तक्रारी केल्या आणि १९३९ च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. सुदैवाने भोके पडलेल्या पट्ट्या फेकून देण्यात आल्या नाहीत. एखाद्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, शेताच्या मधोमध किंवा आकाशात उमटलेले ते काळे वर्तुळ आज इतिहासकाराच्या मोठ्या उपयोगाचे आहे. काय हवे होते हे टिपणांतून कळते. काय नको होते हे या भोकांतून कळते. कित्येकदा नाकारलेले चित्र निवडलेल्या चित्राच्या अगदी शेजारचे असते, आणि दोहोंतील फरक एखाद्या नजरेचा वा हास्याचा असतो.

तिसरी पायरी चित्राखालील टिपेची. १९३६ च्या मार्चमध्ये लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका मातेची काही चित्रे घेतली. त्यांतील एक या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध चित्र ठरले. टिपेत स्थळ, स्त्रीचे वय, मुलांची संख्या व दारिद्र्य यांची नोंद होती, नाव नव्हते. विषय ‘स्थलांतरित मजूर’ हा होता आणि त्या विषयास नावाची गरज नव्हती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगास १९७८ साली कळले. ती जन्माने चेरोकी होती, ही गोष्टही तिच्या चेहऱ्यात गोऱ्या शेतकरी मातेचे प्रतीक पाहणाऱ्यांस तोवर ठाऊक नव्हती. कुटुंबाने अन्नासाठी मोटारीचे टायर विकले, हा लँग यांच्या हकीकतीतील तपशील कुटुंबीयांनी नाकारला. या चित्राने त्या तळावर मदत पोहोचविण्यास हातभार लावला, हे खरे. परंतु थॉम्प्सन यांचे कुटुंब तोवर पुढे निघून गेले होते, हेही तितकेच खरे.

याच्या शेजारी १९४२ चे एक चित्र ठेवून पाहावे. गॉर्डन पार्क्स हे या मंडळींतील पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना त्यांनी झाडू व पोछा यांसह राष्ट्रध्वजापुढे उभे केले. हेही रचलेलेच चित्र होय. परंतु पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पुढे तिच्या घरी, नातवंडांत आणि प्रार्थनामंदिरात जाऊन चित्रमालिका पुरी केली, आणि टिपांत तिचे नाव लिहिले. विषय तोच राहूनही माणूस त्याखाली दडपला जाणे अपरिहार्य नाही, याचा हा दाखला आहे.

विषय कायम राहतो असेही नाही. १९४० च्या सुमारास युद्धाचे सावट पडू लागले, तशी टिपणांची भाषा पालटली. सुगी, भरलेली कोठारे, समृद्ध लहान गावे यांवर भर देण्याविषयी स्ट्रायकर लिहू लागले. १९४२ च्या आरंभी त्यांनी देशावर विश्वास असलेल्या, उमेदीच्या स्त्रीपुरुषांची व मुलांची चित्रे मागविली. संग्रहात थकलेली माणसेच फार झाली, असे त्यांस वाटू लागले होते. त्याच वर्षी विभाग युद्धमाहिती खात्याकडे गेला. गरिबी एका वर्षात नाहीशी झालेली नव्हती. नाहीशी झाली होती ती तिची मागणी. केवळ चित्रे वर्षवारीने लावून अमेरिकन ग्रामीण जीवन सुधारत गेल्याचा निष्कर्ष कोणी काढील, तर तो टिपणांचा इतिहास वस्तुस्थितीचा इतिहास म्हणून वाचीत असेल.

१९४३ च्या अखेरीस स्ट्रायकर सरकारी नोकरी सोडून गेले होते आणि १९४४ साली संग्रह काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन झाला. त्यात सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आणि सुमारे १,६०० रंगीत चित्रे आहेत. पॉल व्हँडरबिल्ट यांनी त्याची नवी मांडणी प्रथम प्रदेशवार व मग विषयवार केली. यामुळे शोध सुलभ झाला. पण एका छायाचित्रकाराने एका दिवशी सलग काढलेली चित्रे निरनिराळ्या कप्प्यांत विखुरली गेली. मूळ क्रम सूक्ष्मफितींवर राखून ठेवण्याची दूरदृष्टी त्यांनी दाखविली, म्हणून तो आज जुळविता येतो. ज्या निगेटिव्हच्या प्रती काढल्या गेल्या नाहीत त्यांपैकी हजारोंच्या नशिबी टीप आली नाही. सूचीत त्या ‘अनामिक’ म्हणून नोंदल्या आहेत. जे नावाने हाक मारता येत नाही ते संग्रहात असूनही सापडत नाही, हा अनुभव कोशकारास नवा नाही.

लायका आणि ग्राफ्लेक्स हे आता जुन्या वस्तूंच्या शौकिनांचे कॅमेरे झाले आहेत. आजही हौशी मंडळी असे फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करून घेतात, एखादा विषय ठरवितात आणि गुंडाळीतील छत्तीस चित्रांच्या मर्यादेत तो टिपण्याचा यत्न करतात. त्यांच्या या छंदातून उद्याचे ऐतिहासिक साधन निर्माण होण्याचा संभव आहे. लोकगीते, बोली किंवा ग्रामदैवते यांच्या क्षेत्रपाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटासही तीच गोष्ट लागू पडते. या साऱ्यांस वरील इतिहासातून तीन नियम घेता येतील : ठरविलेला विषय आणि त्यातील फेरबदल तारखेसह लिहून ठेवावेत, समोरच्या माणसाचे नाव त्याच्या संमतीने विचारून नोंदवावे, आणि नापसंत ठरलेले काहीही नष्ट करू नये. स्ट्रायकर यांच्या कचेरीने यांतील पहिला नियम बराचसा पाळला, दुसरा पुष्कळदा मोडला आणि तिसरा मोडता मोडता वाचला. त्या वाचलेल्या भोकांच्या पट्ट्यांमुळेच या संग्रहाची उलटतपासणी आज शक्य झाली आहे.