खोपोलीचे तळे आणि घाशीराम

खोपोलीस गेलात तर वीरेश्वराच्या देवळाजवळील विस्तीर्ण तळे जरूर पाहा. ते नाना फडणीसांनी बांधविले. घाटाखालच्या वाटसरूंनी त्यांना दुवाच दिला असेल.

याच नानांच्या कारभारात, १७९१ साली, पुण्यात घाशीराम कोतवालाने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. औरंगाबादहून आलेल्या या कोतवालाला जमावाने दगडांनी ठेचले. ज्यांनी त्याला अधिकार दिला, त्यांच्या अंगावर मात्र खडाही आला नाही!

विजय तेंडुलकरांनी त्यावर ‘घाशीराम कोतवाल’ हे संगीत-नृत्यमय नाटक लिहिले. डॉ. जब्बार पटेल यांनी ते १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले. संगीत भास्कर चंदावरकरांचे. नानांची आणि एका जातीची बदनामी झाली, अशी ओरड उठली. तीत थोडे तथ्य होते; घाशीरामाच्या मुलीची कथा कल्पितच आहे. पण कोतवाल नेमतो कोण आणि मरतो कोण, हा प्रश्न काही कल्पित नव्हता. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. कलावंत हटले नाहीत. थिएटर अकादमी स्थापून त्यांनी १९७४ साली ते पुन्हा उभे केले आणि १९८० साली युरोपातही नेले.