गुंड्याभाऊ देवगिरी चढतो

आमच्या घराण्यात मुंबईला जाऊन आलेल्या माणसाकडं पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्याकडं बघावं तसं बघत. पाया पडत नसत, एवढाच फरक. १९७८ च्या मे महिन्यात, वयाच्या दहाव्या वर्षी, हा मान मला मिळाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आणि तिथून मुंबईला जायचं म्हणजे आधी मीटर गेजच्या छोट्या गाडीनं मनमाड. तिथं सामान आणि पोरं मोजून मोठ्या गाडीत चढायचं. मोजताना पहिला नंबर सामानाचा.

खरं सांगायचं तर मला मुंबई बघायची नव्हतीच. दादरच्या आत्याकडं टीव्ही आला होता! मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, वर्षभरात ते सिंहगडावरून पुणेकरांनाही दिसू लागलं. आम्ही मराठवाड्यातले लोक मात्र टीव्हीबद्दल नुसतं ऐकून होतो. ज्या संध्याकाळी चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका असे, त्या संध्याकाळी आत्याच्या दारात चपलांचा असा ढीग पडे की कार्यक्रम संपल्यावर जो तो पायात बसेल ती घालून निघे. मी येताना घातलेली चप्पल आजही दादरमध्ये कुणाच्या तरी उपयोगी पडली असावी.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे चिं. वि. जोशींचे मानसपुत्र. चिं. वि. बडोद्याला पालीचे प्राध्यापक. ज्या माणसानं बुद्धाची करुणा मूळ भाषेत वाचली, त्यानंच पुण्यातल्या एका भित्र्या कारकुनाची फजिती इतक्या प्रेमानं लिहावी, यात मला तरी काही योगायोग वाटत नाही. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’मध्ये या जोडीला पडद्यावर आणलं, तेव्हा चिमणराव होते दामुअण्णा मालवणकर. दूरदर्शनवर विजया धुमाळे यांनी ती पुन्हा उभी केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एकाचा जीव मुठीत, दुसऱ्याच्या मुठीत सोटा!

खर्चाच्या बाबतीत सगळा आनंदच. रंग नाही, कारण दूरदर्शनला रंग आला १९८२ मध्ये. परदेशातले देखावे नाहीत, फोडायला मोटारी नाहीत. एक बैठकीची खोली, चार खुर्च्या आणि माणसं. पण मला विचाराल तर ही गरिबीच त्या मालिकेची श्रीमंती होती. चिमणरावांची सगळी गोष्टच मुळी पैसे न पुरण्याची. महिनाअखेरीला दारी पाहुणा टपकला की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्या घरात झुंबर टांगून कसं चालेल? पगार बेताचा, घर बेताचं, आणि सेटही बेताचा. समोर बसलेल्या पन्नास माणसांना वाटे, हे आपलंच घर आहे, फक्त यात गर्दी जरा कमी.

आमच्या गावाला तर हे तत्त्व फार लवकर कळलं. १९७९ मध्ये इथल्याच लक्ष्मण देशपांडे सरांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. ५२ पात्रं आणि नट एकटा. अख्खं वऱ्हाड विमानात बसलं, पण तिकीट एकाचंही काढलं नाही. काटकसर म्हणजे किती!

तर मी औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर परतलो आणि मुंबई दूरदर्शनचं औरंगाबाद केंद्र सुरू झालं. रोज संध्याकाळी एक भाग. नट, निर्माता, निवेदक, सगळं मीच. मधेच ‘व्यत्यय’ही मीच आणायचो, कारण आई हाक मारायची. पलीकडच्या गल्लीतला आमचा दोस्त ‘फिर क्या हुआ, बोल ना!’ म्हणून मागं लागे. पंचाईत अशी, की मी आत्याकडं पाहिले होते चार भाग, आणि सुट्टी उरली होती वीस दिवसांची.

पाचव्या दिवशी मी सरळ गुंड्याभाऊला देवगिरीवर नेलं. अंधारीत वटवाघळं उठली, चिमणराव मेंढा तोफेत शिरून बसले, आणि त्यांना बाहेर काढायला गुंड्याभाऊनं तोफेत तंबाखू फुंकली. पोरं गडाबडा लोळली. आत अण्णा, म्हणजे आमचे वडील, वर्तमानपत्र वाचत बसले होते. तेही कारकूनच. वाचनालयातून चिं. वि. आणून त्यांनीच आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवले होते. तोफ कुठल्याच पुस्तकात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. माझ्या छातीत धस्स झालं. पण वर्तमानपत्र काही खाली आलं नाही. नुसतं हललं.

पुढं म्हैसमाळवर मनोरा उभा राहिला, घरोघरी टीव्ही आले. तोवर चिमणराव संपले होते. अण्णांची ती मालिका राहिली ती राहिलीच. त्या काळात टेपा महाग, झालेला कार्यक्रम पुसून त्याच टेपेवर नवा भरायची रीत. तिथं आमच्यासारख्या उशिरा येणाऱ्यांसाठी कोण काय जपून ठेवणार?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेल्याची बातमी आली. मी मोबाइलवर शोधाशोध केली, तर मालिकेतलं थोडंसं हाती लागलं. अण्णा आता नव्वदीत. त्यांच्या उशाशी बसून लावलं. चित्र पुसट, आवाज खरखरीत. अण्णा एकदाही हसले नाहीत. मोबाइल नाकाशी धरून चिमणरावांकडं बघत राहिले, एखादा जुना सहकारी भेटावा तसे. संपल्यावर चष्मा पुसला.

‘‘छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण तुझा तोफेचा भाग जास्त जमला होता.’’